सायकल जीपीएस संगणक

सायकल जीपीएस संगणक हे सायकलच्या हँडलवर बसवले जाणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांच्या आधारे ते सायकलस्वाराचे स्थान, वेग, कापलेले अंतर व उंची दाखवते आणि आधी भरलेल्या मार्गावरून दिशादर्शन करते. डांबरी रस्त्यांखेरीज डोंगर व जंगलातील कच्च्या वाटांवरही त्याचा उपयोग होतो. उपकरण स्थान अचूक सांगते. मात्र पडद्यावरची वाट प्रत्यक्षात चालू आहे का आणि तीवरून जाण्यास परवानगी आहे का, हे त्यातून कळत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्यासारख्या व्याघ्रक्षेत्रालगतच्या प्रदेशात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

कार्यपद्धती

जीपीएस म्हणजे जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली. तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरत अचूक वेळेचे संदेश प्रक्षेपित करतात. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून उपकरण प्रत्येक उपग्रहापासूनचे अंतर काढते. अक्षांश, रेखांश व उंची या तीन राशींबरोबर उपकरणाच्या घड्याळातील चूकही शोधावी लागत असल्याने किमान चार उपग्रहांची गरज असते. घड्याळात एक मायक्रोसेकंदाचा फरक पडला, तर अंतरात सुमारे ३०० मीटरची चूक होते.

आधुनिक उपकरणे अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या प्रणालींचे संदेशही वापरतात. भारताच्या नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. भारत आणि सीमेभोवतालचा सुमारे १,५०० किमीचा प्रदेश हे तिचे मुख्य सेवाक्षेत्र आहे. मोकळ्या आकाशाखाली सामान्य ग्राहक उपकरणाची चूक साधारणतः काही मीटरच असते.

उंचीसाठी अनेक उपकरणांत वायुभारमापक असतो. समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला, की उंची सुमारे ८ मीटरने वाढल्याचे मानले जाते. हवामान बदलले की दाबही बदलतो, म्हणून प्रवासाच्या आरंभी ज्ञात उंची भरून उपकरण जुळवून घेतात.

इतिहास

नागरी वापरासाठीच्या जीपीएस संदेशात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. मे २००० मध्ये ही पद्धत बंद झाली आणि सुमारे १०० मीटरपर्यंत जाणारी चूक एकदम कमी झाली. अरुंद वाट ओळखण्याइतकी अचूकता सामान्य ग्राहकाला त्यानंतरच मिळाली. मार्गांच्या देवाणघेवाणीसाठीचा जीपीएक्स हा फाइल-प्रकार २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तर स्वयंसेवकांनी घडवलेला ओपनस्ट्रीटमॅप हा मुक्त नकाशा २००४ मध्ये सुरू झाला. सायकलसाठीची जीपीएस उपकरणे याच दशकात प्रचारात आली. त्याआधीचे सायकल संगणक चाकावरील चुंबक व संवेदक यांच्या साहाय्याने केवळ वेग आणि अंतर मोजत.

मार्गदर्शनाच्या पद्धती

उपकरणात मार्ग दोन प्रकारे भरता येतो. पहिल्या प्रकारात फक्त अंतिम ठिकाण दिले जाते आणि नकाशातील रस्त्यांवरून मार्ग उपकरण ठरवते. दुसऱ्या प्रकारात आधी कोणी नोंदवलेली किंवा नकाशावर आखलेली रेषा जशीच्या तशी पाळली जाते. जंगलवाटांसाठी दुसरा प्रकार अधिक योग्य ठरतो. कारण नकाशात नसलेल्या वाटेवरून उपकरण मार्ग काढू शकत नाही. मार्ग चुकल्यास नवा मार्ग आपोआप आखण्याची सोय चालू असेल, तर उपकरण भलत्याच वाटेकडे नेण्याचा संभव असतो. त्यामुळे अशा ठिकाणी ती बंद ठेवून केवळ मार्ग सोडल्याचा इशारा चालू ठेवतात. मोबाइलचे जाळे नसले तरी स्थान कळते. परंतु नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा लागतो.

स्थानाची नोंद साधारणतः दर सेकंदाला होते. ताशी १८ किमी वेगाने जाणारा स्वार तेवढ्या वेळात ५ मीटर पुढे सरकतो. नोंदी विरळ असल्यास वळणे कापली जाऊन अंतर कमी भरते. चाकावरील संवेदक ही उणीव दूर करतो.

जंगलातील मर्यादा

दाट पर्णसंभार, विशेषतः ओली पाने, उपग्रहांचे संदेश क्षीण करतात. खडक व दरडी यांवरून परावर्तित झालेले संदेश उशिरा पोहोचून स्थान बाजूला दाखवतात. साग, ऐन, मोह आणि बांबू यांच्या पानझडी जंगलात ऋतूनुसार स्थिती पालटते. उन्हाळ्यात पाने गळल्याने आकाश मोकळे होते, तर पावसाळ्यात छत दाट होते. त्याच काळात नाल्यांना पाणी येऊन वाटाही तुटतात, आणि उन्हाळ्यात नोंदवलेली रेषा हा बदल दाखवत नाही.

निर्देशांक कळवण्याच्या पद्धतीतही घोटाळा होऊ शकतो. चिमूर सुमारे २०.५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. हाच आकडा २० अंश ५० कला असा वाचला गेल्यास स्थान सुमारे ३७ किमी उत्तरेस सरकते. त्यामुळे मदत मागताना दशांश पद्धती की अंश-कला पद्धती, हे स्पष्ट सांगणे आवश्यक असते.

जुन्या स्थलरूपदर्शक नकाशांची मोजणी वेगळ्या पायावर झाली आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे पूर्वीचे नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लंबगोलावर आधारित होते, तर जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ हा पाया वापरते. रूपांतर न करता जुन्या नकाशावरील बिंदू उपकरणात भरल्यास तो प्रत्यक्ष जागेपासून सरकलेला दिसतो. एव्हरेस्ट यांचे पूर्वसूरी विल्यम लॅम्बटन यांचे निधन १८२३ मध्ये याच विदर्भात, हिंगणघाट येथे मोजणीच्या कामावर असताना झाले.

चिमूर परिसर

चिमूर तालुक्याचा काही भाग ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात येतो. प्रकल्पाचे कोलारा व नवेगाव ही प्रवेशद्वारे या बाजूस आहेत. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये, तर अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये स्थापन झाले. दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौ. किमी, तर बफर क्षेत्र सुमारे १,१०२ चौ. किमी आहे. प्रकल्पाबाहेरील ब्रह्मपुरी वनविभागातही वाघांचा वावर असून माणसांवरील हल्ल्यांच्या घटना घडतात. मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्याच्या उन्हाळी हंगामात गावकऱ्यांना हा धोका अधिक असतो.

येथील कच्च्या वाटा सायकलस्वारीसाठी निर्माण झालेल्या नाहीत. पांदण रस्ते शेतीसाठी, पायवाटा वनोपज व गुरचराईसाठी आणि जाळरेषा वणवा रोखण्यासाठी असतात. उपग्रह-प्रतिमेवर या सर्व रेषा सारख्याच दिसत असल्याने नकाशावर वाट म्हणून नोंदल्या जाऊ शकतात. पांदण गावाला जाऊन मिळते. जाळरेषा मात्र वनकक्षाच्या सीमेवरून जाऊन जंगलाच्या आत नेऊ शकते.

उपग्रहाधारित स्थाननोंदणीचा वापर वनव्यवस्थापनातही होतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या एम-स्ट्राइप्स प्रणालीत वनरक्षक आपल्या गस्तीचा मार्ग आणि वन्यप्राण्यांच्या खुणा नोंदवतात.

कायदेशीर बाजू व सुरक्षितता

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेशावर निर्बंध आहेत. हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होते. राखीव वनांतील अनधिकृत प्रवेश भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कक्षेत येतो. एखादा मार्ग इंटरनेटवर उपलब्ध आहे किंवा पूर्वी कोणी त्यावरून गेले आहे, एवढ्यावरून तो खुला ठरत नाही. शिवाय सार्वजनिक केलेली नोंद इतरांनाही त्याच वाटेवर आणते.

वनालगतच्या प्रदेशात मार्ग आखताना संरक्षित क्षेत्राची सीमा नकाशावर तपासणे, वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे आणि गावात चौकशी करणे, पहाटे व संध्याकाळनंतरचा प्रवास टाळणे या बाबी आवश्यक मानल्या जातात. सायकल जवळजवळ आवाज न करता वेगाने येते, त्यामुळे वळणावर वन्यप्राण्याशी अचानक गाठ पडण्याची शक्यता पायी चालण्यापेक्षा वेगळी असते. विद्युत्घट संपल्यास उपकरण निरुपयोगी होत असल्याने कागदी नकाशा सोबत ठेवला जातो. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक असून महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

हे सुद्धा पहा

जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली
नाविक
ओपनस्ट्रीटमॅप
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प
चिमूर तालुका