हरकामी बंदुकीचा भ्रम

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीत बंदुकीचा विषय निघतो तो गणपतीनंतर. कोकणात जाऊन आलेली मंडळी खाली बाकावर बसतात आणि गावच्या गोष्टी निघतात: डुकरांनी भात लोळवलं, माकडांनी नारळ पाडले, गवे वाडीत शिरले. यंदा त्या बाकावर एक चांगला शिकलेला, कष्टाळू तरुण मला म्हणाला, “काका, परवाना काढायचाच तर पंप-ॲक्शनचा काढतो. गावी डुकरावर चालेल, इथे क्ले शूटिंग शिकता येईल आणि घरात राखणीलाही होईल. एका बंदुकीत सगळी कामं.”

त्याचं हे मत एकट्याचं नाही. बंदुकीची आवड असलेल्या दहाजणांना विचारलं तर आठ जण हेच सांगतील. मत चुकीचं आहे आणि त्या चुकीची किंमत पिकाला, रानाला, खेळाला आणि शेजाऱ्यालाही मोजावी लागते. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडायला हवा. पंप-ॲक्शन ही एकाच नळीची, नळीखाली काडतुसांचं नळकांडं असलेली बंदूक. पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं नळीत बसतं. यंत्र साधं आहे, सहसा अडकत नाही आणि किंमत चांगल्या दुनळीच्या मानाने कमी. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरची विंचेस्टर १८९७ आणि १९५०पासून निघणारी रेमिंग्टन ८७० या बंदुकांनी अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या काढल्या. रेमिंग्टनच्या तर एक कोटीहून अधिक प्रती निघाल्या. तिथला शेतकरी सकाळी तिने बदकं मारतो आणि रविवारी क्लबात तिनेच मातीच्या थाळ्या फोडतो. हे सगळं खरं आहे. मग तेच इथे का चालू नये?

तेच इथे चालत नाही, कारण बंदूक हरकामी ठरते ती तिच्या घडणीमुळे नव्हे, भोवतालच्या कायद्यामुळे आणि खेळाच्या नियमांमुळे. अमेरिकेत स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या शिकारीला परवाना मिळतो, आणि त्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसं मावावीत असा नियम १९३५पासून आहे. तिथल्या स्थानिक ट्रॅपच्या, म्हणजे थाळ्या फोडण्याच्या खेळाच्या, मुख्य प्रकारात एका थाळीवर एकच बार काढतात. या दोन्ही गोष्टी पंप-ॲक्शनच्या सोयीच्या आहेत. आपल्याकडे यातली एकही गोष्ट नाही.

शिकारीपासून सुरुवात करू. “बहात्तर साली शिकार बंद झाली” असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात परवाना घेऊन काही प्राण्यांची शिकार करण्याची सोय होती. ती सोय १९९१च्या दुरुस्तीने काढून टाकली. हा बदल महत्त्वाचा आहे, कारण आज छंद म्हणून शिकार करायचा कुठलाच परवाना अस्तित्वात नाही. शिवाय कायद्यातली ‘शिकार’ बार लागल्यावर सुरू होत नाही. प्राण्याला हाकून काढणं, फासे लावणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचा प्रयत्न करणं, हे सगळं तीत येतं. आमच्या आजोबांच्या पिढीत ज्याला हाका म्हणत, तो आज नुसता घातला तरी गुन्हा आहे. तेव्हा ‘शिकारीसाठी पंप-ॲक्शन’ हे वाक्य भारतात उच्चारायला अर्थच उरलेला नाही.

“मग पिकाचं काय?” हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. रात्रभर जागून सकाळी लोळवलेलं भात बघणाऱ्याचा संताप मी घरात पाहिला आहे. सावंतवाडी तालुक्यातल्या आमच्या गावी चुलत्यांकडे पीकरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी होती. रात्री शेतातून आले की ते ओटीवर बसून ती मोडत, काडतूस काढून पितळी बूड अंगठ्याने पुसत आणि डब्यात ठेवत. मग नळी कंदिलासमोर धरून आरपार बघत. पावसाळ्यात ते जवळजवळ रोज बार काढत, तो बहुतेक वेळा आकाशाकडे. डुक्कर पळालं की काम झालं. मेलेल्या डुकराची त्यांना गरज नव्हती, उभ्या भाताची होती.

शस्त्र कायद्यानेही या गरजेला नाव दिलेलं आहे. १९५९च्या कायद्याच्या तेराव्या कलमात पीकरक्षणासाठी आधी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख येतो, आणि ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. खेळ आणि संरक्षण यांचा उल्लेख त्याच कलमात वेगळा आहे, आणि तिथे अट आहे किमान २० इंच नळीची. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी एकाच बंदुकीचे तीन हेतू तीन शब्दांनी वेगळे ठेवले. आपण ते एकत्र कालवतो.

डुक्कर मारायची वेळ आलीच तर तिलाही रीत आहे. वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली लेखी परवानगी लागते, आणि महाराष्ट्रात पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुक्कर व नीलगायीच्या बाबतीत तो निर्णय वनाधिकाऱ्यांच्या हाती आहे. त्या परवानगीने मारलेला प्राणी सरकारच्या मालकीचा असतो. त्याचं मटण वाडीत वाटलं जात नाही. जिथे मांस आपलं नाही, पाठलाग आपला नाही, दिवसही आपण ठरवलेला नाही, त्याला शिकार म्हणता येणार नाही. ते नाइलाजाने केलेलं काम आहे. त्यासाठी नेम असलेला, जबाबदारी घेणारा माणूस लागतो. नळकांड्यात पाच काडतुसं भरून सुट्टीला आलेला मुंबईकर नव्हे.

काडतुसाचा मुद्दा तर सरळ मोजमापाचा आहे. ट्रॅपच्या काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रा असतो आणि एकेक दाणा अडीच मिलिमीटरचा. असा छर्रा लांबून डुकरावर टाकला तर जनावर मरत नाही. जखमी होऊन जाळीत शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी गवत कापायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. डुकरासाठी एलजी, एसजीसारखी जड दाण्यांची काडतुसं लागतात, आणि ती क्लेच्या मैदानावर चालत नाहीत. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निघणारी ‘शक्तिमान’ काडतुसं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना हा आकड्यांचा फरक तोंडपाठ असतो. बंदूक एक असली तरी तिच्यातून जे निघतं ते एक नसतं. मग हरकामी काय उरलं?

आता क्ले शूटिंग. इथे तर प्रचलित मत सपशेल खोटं ठरतं. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरचं नेमबाजीचं शिक्षण आणि निवड आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी चालते. त्या नियमावलीत शॉटगनच्या प्रकारांसाठी १२ बोअरपर्यंतची गुळगुळीत नळीची बंदूक चालते, अर्धस्वयंचलितही चालते. पंप-ॲक्शन मात्र शब्द वापरून वगळली आहे. जो खेळ शिकायला माझा तरुण शेजारी ती घेणार, त्याच खेळाच्या रेषेवर तिला जागा नाही.

खेळ कसा चालतो ते पाहिलं की या बंदुकीचा अडथळा लक्षात येतो. ट्रॅपमध्ये समोर १५ मीटरवर खंदक असतो आणि त्यात पंधरा यंत्रं. नेमबाज हाक देतो तेव्हा थाळी कुठल्या बाजूने, किती उंच जाईल हे त्याला ठाऊक नसतं. थाळी ११० मिलिमीटर रुंद, १०५ ग्रॅम वजनाची आणि वाऱ्यासारखी पळणारी. पहिला बार हुकला तर पात्रता फेरीत दुसरा काढता येतो, पण क्षणार्धात. स्कीट या दुसऱ्या प्रकारात काही वेळा दोन्ही बाजूंच्या घरांतून दोन थाळ्या एकदम सुटतात आणि दोन्ही फोडायच्या असतात. पंप-ॲक्शनमध्ये त्याच क्षणी डावा हात मूठ मागे-पुढे करत असतो आणि नळीचं तोंड रेषेवरून हलतं. वर-खाली नळ्यांच्या दुनळीत, जिला मैदानावर ओव्हर-अंडर म्हणतात, दुसरा बार फक्त बोटाच्या हालचालीचा असतो.

दुसरी गोष्ट सुरक्षेची, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. मैदानावर नेमबाज रेषेवरून उतरताना दुनळी मोडून कोपराच्या खाचेत टाकतो. दोन्ही नळ्यांची भोकं वीस पावलांवरच्या माणसालाही दिसतात. समोरच्याला काही विचारावं लागत नाही. अर्धस्वयंचलित बंदुकीचं दार उघडं ठेवण्याची सक्तीही त्यासाठीच आहे. पंप-ॲक्शनचं नळकांडं बंद असतं, आणि दार उघडलं तरी आत एखादं काडतूस राहिलं आहे का ते लांबून कळत नाही. ज्या खेळात माणसं एकाच रांगेत बंदुका घेऊन उभी राहतात, तिथे हा फरक किरकोळ नाही.

या खेळाचा इतिहासही शिकारीपासून दूर जाण्याचा आहे. १९००च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या काळात जिवंत कबुतरं उडवून मारण्याच्या स्पर्धा होत होत्या. त्याआधीच, १८८०मध्ये, सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोस्कीने भाजलेल्या मातीच्या थाळीचं पेटंट घेतलं होतं. आजची थाळी डांबर आणि चुनखडीची असते, पण नाव मातीचं राहिलं. पक्ष्याच्या जागी थाळी आली तेव्हा रक्त गेलं आणि कसब राहिलं. क्ले शूटिंग म्हणजे शिकारीची रंगीत तालीम, असं म्हणणारे या बदलाकडे पाहत नाहीत.

“पण भारतात शॉटगन राजेरजवाड्यांचीच,” असं कुणी म्हणेल. १९६२च्या कैरो जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य बिकानेरच्या करणी सिंहांनी आणलं, हे खरं. पण २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये डबल ट्रॅपचं रौप्य आणणारे राज्यवर्धन राठोड सैन्यातले अधिकारी होते. महाराष्ट्रातलं उदाहरण रायफलीचं आहे, तरी मला ते इथे फार बोलकं वाटतं. कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव जंगल दाजीपूर १९५८मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. ते राधानगरी तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य जिंकलं. रान शिकारीतून मोकळं झालं आणि नेमबाजी मैदानावर वाढली. महाराष्ट्राला दोन्ही गोष्टी एकत्र जमतात, याला आणखी कसला पुरावा हवा?

राहिली घरातली राखण. एव्हरशाईन सिटीसारख्या वस्तीत हा प्रश्न वेगळ्या जागी उभा राहतो. आमच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे आणि २००३मध्ये जाहीर झालेलं सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. वन्यजीव कायद्याच्या चौतिसाव्या कलमानुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्रपरवाना देता येत नाही. आमच्या इमारती त्या परिघातच येतात. २०२०मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झाल्यापासून अर्ज आयुक्तालयाकडे जातो, पण वनखात्याचा दुवा तुटलेला नाही. हा नियम जाच नाही. २०२४मध्ये वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या कित्येक दिवस वावरत होता, तेव्हा वनविभागाने त्याला पिंजऱ्यात पकडून लोकांची काळजी मिटवली. त्या काळात वस्तीत वीस-पंचवीस शौकिनांच्या भरलेल्या बंदुका असत्या तर काय झालं असतं, याचा विचार प्रत्येकाने करावा.

शॉटगनने नेम धरावा लागत नाही, छर्रा खोलीभर पसरतो, हीही अफवाच. खोलीच्या अंतरावर, चार-पाच मीटरवर, सगळे दाणे तळहाताएवढ्या जागेत जातात. चुकलेला बार मधल्या भिंतीपलीकडे शेजारच्या पलंगापर्यंत जाऊ शकतो. आपल्या देशाने पंप-ॲक्शन जवळून पाहिली ती काश्मीरमध्ये २०१०नंतर, जमावावर छर्रे सोडणारी ‘पॅलेट गन’ म्हणून. त्या छर्ऱ्यांनी गेलेले डोळे आपण विसरलो नाही. तीच घडण ‘घरगुती’ म्हणून विकत घेताना एवढं तरी आठवावं.

मग करावं काय? माझ्या शेजाऱ्याला मी तीन गोष्टी सांगेन. खेळायचं असेल तर परवान्याच्या आधी मैदान शोध. क्लबच्या बंदुकीवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, महिनोन् महिने थाळ्या फोड, आणि हात बसल्यावर मग त्या खेळाचीच दुनळी घे. पिकासाठी लढायचं असेल तर गावच्या शेतकऱ्याच्या नावाने लढ: भरपाई वेळेत मिळावी, कुंपणाला अनुदान मिळावं, वनाधिकाऱ्याची परवानगी दोन दिवसांत यावी, यासाठी अर्ज लिही, पाठपुरावा कर. ही लढाई बंदुकीपेक्षा जास्त डुकरं शेताबाहेर ठेवेल. आणि राखणच हवी असेल तर दाराला चांगलं कुलूप लाव, वॉचमनशी ओळख ठेव.

माझं मंडन इतकंच आहे. प्रत्येक हेतूला त्याची बंदूक आणि त्याची जागा असते, आणि ज्या हेतूला बंदूक नको तिथे ती नेऊ नये. शॉटगन ही सुंदर, शिस्तीची वस्तू होऊ शकते, हे मी मैदानावर पाहिलं आहे. फेरी संपवून रेषेवरून उतरणाऱ्या मुलीच्या हातावर मोडलेली दुनळी होती आणि तिच्या दोन्ही नळ्यांतून आरपार आभाळ दिसत होतं. चुलत्यांनी कंदिलासमोर धरलेल्या नळीतूनही असाच उजेड यायचा. बंदूक रिकामी आहे हे दोघांनीही न सांगता दाखवलं होतं. ते दाखवता येईल अशीच बंदूक हातात घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.