ड आहे, ट नाही

लहानपणी आपण सगळेच 'च'ची भाषा बोललोय. मोठ्यांना कळू नये म्हणून. पण ती काही वेगळी भाषा नव्हे, मराठीलाच घातलेला मुखवटा. शब्द मराठी, व्याकरण मराठी. पण जे माणूसच नाहीत अशा कुणासाठी भाषा घडवायची झाली तर? तिथे मुखवट्यावर भागत नाही. 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन भाषेची गोष्ट म्हणूनच मला फार आवडते.

क्लिंगॉन ही परग्रहावरची लढवय्यी जमात. १९६७ साली मालिकेत पहिल्यांदा आली तेव्हा सरळ इंग्रजी बोलत होती. १९७९च्या चित्रपटात त्यांच्या तोंडी चार-दोन अनोळखी वाक्यं आली. ती रचली होती जेम्स डूहान या नटाने, म्हणजे मालिकेतल्या स्कॉटीने. १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मात्र खरीखुरी भाषा हवी होती, आणि ते काम मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाकडे आलं.

ओक्रँडपुढचा पेच मोठा मजेदार होता. भाषा माणसाची वाटायला नको, पण बोलणारे नट तर माणसंच! त्यामुळे आवाज माणसाच्या घशातून निघणारेच घ्यावे लागले. त्याने केलं काय, तर त्यांची नेहमीची जोडी मोडली. क्लिंगॉनमध्ये आपल्यासारखा ड आहे, पण त्याच्या जोडीचा ट नाही. ष आहे, स नाही. साधा क नाही, ग नाही. जगातल्या बहुतेक भाषा असे आवाज जोडीजोडीने ठेवतात, इथे मुद्दाम घडी विस्कटलेली. वाक्यरचनाही तशीच, आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. क्लिंगॉनमध्ये 'कुत्रा चावला माणूस' म्हटलं तर चावणारा माणूस! :-) मराठीत 'माणसाला', 'कुत्र्याने' असे प्रत्यय असल्यामुळे आपण शब्द बिनधास्त मागेपुढे करतो, तिथे ती सोय नाही.

संस्कृतीही भाषेतूनच उभी राहिली. 'नमस्कार'ला शब्द नाही. कुणी भेटलं की विचारायचं, 'काय हवंय?' चित्रीकरणात नट चुकला तर कधी कधी ओक्रँड त्याची चूकच भाषेचा नियम करून टाकायचा. १९८५ साली त्याचा क्लिंगॉन शब्दकोश आला.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मला अडवून ठेवते ती त्याआधीची.

ओक्रँडने १९७७ साली बर्कलीला जो प्रबंध लिहिला, तो मुत्सुन भाषेच्या व्याकरणावर होता. कॅलिफोर्नियात सान ह्वान बाउतिस्ता परिसरातल्या मूळ रहिवाशांची ही भाषा. १७९७ साली तिथे स्पॅनिश मिशन उभं राहिलं आणि पुढच्या पिढ्यांत भाषा विरत गेली. ती अस्खलित बोलणारी शेवटची बाई, असेन्सियन सोलोर्सानो, १९३० साली गेली. शेवटच्या आजारपणात तिच्याजवळ बसून हॅरिंग्टन नावाचा संशोधक वह्यांमागून वह्या भरत होता. ओक्रँडचं व्याकरण उभं राहिलं ते अशा जुन्या कागदांवर. बोलणारं कुणी त्याला भेटणं शक्यच नव्हतं.

म्हणजे पाहा, आधी या माणसाने बोलणारी माणसं संपलेल्या भाषेचं व्याकरण लिहिलं, आणि मग बोलणारी माणसं कधी नव्हतीच अशा भाषेचं!

पुढे क्लिंगॉनला माणसं मिळाली. १९९२ साली तिच्या अभ्यासासाठी संस्था निघाली, 'हॅम्लेट'चं भाषांतर झालं. नव्वदच्या दशकात एका बापाने आपल्या तान्ह्या मुलाशी फक्त क्लिंगॉन बोलायचं ठरवलं. सुमारे तीन वर्षं त्याने नेटाने चालवलं, पण युद्धाला शब्द मुबलक असलेली ही भाषा घरगुती वस्तूंपाशी अडायची. मुलगाही हळूहळू त्या भाषेत उत्तर देईनासा झाला. त्याच्या आजूबाजूला ती बोलणारं दुसरं होतं कोण?

आणि मुत्सुन? नव्वदच्याच दशकात त्या समाजाच्या वंशजांनी आपली भाषा परत शिकायला घेतली. ओक्रँडचा प्रबंध त्यांच्या उपयोगी पडला. २०१६ साली मुत्सुन-इंग्रजी शब्दकोश छापून आला. यातल्या कुणीच ती आईच्या तोंडून ऐकलेली नव्हती.

क्लिंगॉनचं कौतुक मला आहेच, बुद्धीचा खेळ म्हणून ती अफाट आहे. पण नुसत्या हुशारीने भाषा घडते, नांदत नाही. नांदायला घर लागतं, आणि घरातल्या क्षुल्लक वस्तूंची नावं लागतात. परदेशात वाढणाऱ्या आपल्या भाचरांना 'पळी' आणि 'सांडशी' हे शब्द कुणी शिकवले नाहीत, तर ते कुठल्या वहीत सापडतील, असा विचार मग मनात येतो. हॅरिंग्टनसारखा माणूस प्रत्येक भाषेच्या उशाशी येऊन बसतोच असं नाही.

असो. तुमच्या घरातले असे शब्द कोणते? जरूर लिहा.