विल्यम नोल्स

विल्यम स्टँडिश नोल्स (१ जून १९१७ – १३ जून २०१२) हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होते. असममित हायड्रोजनीकरणाच्या उत्प्रेरकांवरील संशोधनासाठी त्यांना २००१ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक र्‍योजी नोयोरी व बॅरी शार्पलेस यांच्यासह विभागून मिळाले. हे संशोधन विद्यापीठात नव्हे, तर सेंट लुइस येथील मोन्सँटो या रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत झाले.

जीवन

नोल्स यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील टाँटन येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठाची पदवी (१९३९) व कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट (१९४२) मिळवून ते मोन्सँटोत रुजू झाले आणि १९८६ मध्ये तेथूनच निवृत्त झाले.

संशोधन

अनेक कार्बनी रेणूंची दोन रूपे असतात. डावा व उजवा हात जसे एकमेकांची आरशातील प्रतिमा असूनही एकावर एक तंतोतंत बसत नाहीत, तसेच या रूपांचे असते. सजीवांच्या शरीरात बहुधा एकच रूप उपयोगी पडते. प्रयोगशाळेतील नेहमीच्या अभिक्रियेत मात्र दोन्ही सारख्या प्रमाणात तयार होतात. नको असलेले अर्धे वेगळे काढणे खर्चाचे व कष्टाचे असे. हवे तेच रूप निवडून घडवणे हे विकरांचेच काम, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती.

१९६० च्या दशकात जेफ्री विल्किन्सन यांनी द्रावणात विरघळणारा ऱ्होडियमचा उत्प्रेरक शोधला. त्यातील धातूला जोडलेल्या साध्या फॉस्फीनच्या जागी ‘एकहाती’ फॉस्फीन बसवावे, ही नोल्स यांची कल्पना. हायड्रोजन वायूला स्वतःचा डावा-उजवा भेद नसतो. तो भेद उत्प्रेरकाने पुरवायचा. १९६८ मध्ये त्यांना एका रूपाचे आधिक्य मिळाले ते केवळ १५ टक्के. विद्यार्थ्यांनी हा आकडा नीट समजून घ्यावा: याचा अर्थ दोन रूपांचे प्रमाण ५७.५ : ४२.५ इतकेच होते. कारखान्याच्या दृष्टीने हे निरुपयोगी. पण तत्त्व सिद्ध झाले होते. त्याच सुमारास जर्मनीत लिओपोल्ड हॉर्नर हेही स्वतंत्रपणे याच मार्गाने जात होते.

फॉस्फरसला जोडलेले गट बदलत नोल्स व त्यांचे सहकारी पुढे गेले. ‘कॅम्प’ या फॉस्फीनने आधिक्य ८८ टक्क्यांवर नेले आणि ‘डायपॅम्प’ने सुमारे ९५ टक्क्यांवर, म्हणजे ९७.५ : २.५ या प्रमाणावर.

एल-डोपा

कंपवातावर (पार्किन्सन रोग) एल-डोपाच्या मोठ्या मात्रा गुणकारी ठरतात, हे १९६७ मध्ये जॉर्ज कॉट्झियास यांनी दाखवल्यावर या औषधाची मागणी वाढली. आपल्याकडील खाजकुयलीच्या बियांत ते निसर्गतःच असते. त्याचे प्रतिबिंबरूप, डी-डोपा, रोगावर उपयोगी नाही व अपायकारक आहे. म्हणून शुद्धतेचा प्रश्न येथे रुग्णाच्या सुरक्षिततेचा होता. व्हॅनिलिनपासून सुरू होणाऱ्या संश्लेषणात हायड्रोजनीकरणाची निर्णायक पायरी नोल्स यांच्या उत्प्रेरकाने साधली. उरलेले अल्पसे दुसरे रूप स्फटिकीकरणाने काढता येई. असममित उत्प्रेरणावर आधारलेली ही पहिली औद्योगिक प्रक्रिया होय.

पारितोषिक

नोबेल मिळाले तेव्हा नोल्स ८४ वर्षांचे होते व निवृत्त होऊन १५ वर्षे लोटली होती. पारितोषिकाचा अर्धा भाग नोल्स व नोयोरी यांना, तर अर्धा ऑक्सिडीकरणावरील कार्यासाठी शार्पलेस यांना देण्यात आला. फ्रान्सचे आंरी कागां यांनी १९७१ मध्ये दाखवले होते की, भेद फॉस्फरसवरच असावा लागत नाही. तो कार्बनच्या सांगाड्यात असला तरी चालतो. पुढील अनेक उत्प्रेरक, नोयोरींचा ‘बायनॅप’ धरून, याच दिशेने घडले. कागां यांना वगळल्याबद्दल रसायनशास्त्रज्ञांत तेव्हा नाराजी व्यक्त झाली, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.