स्वप्नांचा धनी

२५ मे १९२६. पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमधील र्‍यू रासीन या रस्त्यावर भरदुपारी एका माणसाने दुसऱ्यावर गोळ्या झाडल्या. मारणारा पळाला नाही. पोलीस येईपर्यंत थांबला आणि आपण एका खुन्याला मारले, असे त्याने सांगितले. मृत व्यक्ती म्हणजे युक्रेनच्या अल्पजीवी प्रजासत्ताकाचे माजी प्रमुख सिमोन पेटल्युरा. मारणारा शोलेम श्वार्झबार्ड, पोटापाण्यासाठी घड्याळे दुरुस्त करणारा यिडिश कवी.

‘बाल-खलोयमेस’ या टोपणनावाने तो लिहीत असे. त्याचा अर्थ स्वप्नांचा धनी. बायबलात योसेफाचे भाऊ त्याला याच शब्दांत हिणवतात. १९२० मध्ये पॅरिसला निघालेल्या त्याच्या कवितासंग्रहाचे नावही ‘स्वप्ने आणि वास्तव’ अशा अर्थाचे होते. पुढे त्याच्या आयुष्यात या दोन शब्दांमधले अंतरच उरले नाही.

त्याचा जन्म १८८६ चा, बेसारेबियातील इझमाईलचा. बालपण बाल्टा गावात गेले. १९०५ च्या धामधुमीत ज्यूविरोधी दंगली उसळल्या तेव्हा तो ज्यूंच्या स्वसंरक्षण दलात होता. पुढे अराजकवादी झाला, पॅरिसला आला. राज्यसंस्थाच नको म्हणणारा हा माणूस १९१४ मध्ये फ्रान्सच्या फॉरेन लीजनमध्ये भरती झाला, जखमी झाला आणि त्याला ‘क्र्वा द गेर’ हे शौर्यपदक मिळाले. १९१७ च्या क्रांतीनंतर तो मायदेशी परतला व लाल बाजूने लढला. तिथे त्याने पोग्रोमांनी उद्ध्वस्त केलेली गावे पाहिली. त्याचे स्वतःचे अनेक आप्त त्यांत मारले गेले होते.

१९१८ ते १९२१ या काळात युक्रेनमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची संख्या पन्नास हजारांच्या पुढे धरली जाते. फेब्रुवारी १९१९ मध्ये एकट्या प्रोस्कुरिव्हला पेटल्युराच्या सैन्यातील तुकडीने काही तासांत शेकडो माणसे कापून काढली. मात्र हेही नोंदवले पाहिजे, की पोग्रोम करणाऱ्यांत देनिकिनचे श्वेत सैनिक होते, स्वतंत्र टोळ्या होत्या आणि काही लाल तुकड्याही होत्या. पेटल्युराने पोग्रोमविरुद्ध हुकूम काढले. पण उशिरा, आणि ते पाळले जात आहेत का हे पाहण्याची ताकद वा इच्छा त्याच्यात किती होती, यावर इतिहासकार आजही भांडतात.

ऑक्टोबर १९२७ मध्ये खटला उभा राहिला. आरोपी सोव्हिएत हस्तक आहे, असा फिर्यादी पक्षाचा आरोप होता. तो सिद्ध झाला नाही. वकील आंरी तोरेस यांनी पिंजऱ्यात आरोपीऐवजी पोग्रोमच उभे केले. एलियास चेरिकोव्हर या इतिहासकाराने कीव्हमध्ये साक्षी, याद्या, पत्रे जमवून ठेवली होती. तो दप्तरखाना बचावाच्या कामी आला. कबुली दिलेला आरोपी २६ ऑक्टोबरला निर्दोष सुटला.

मी या प्रकरणाशी अडखळतो तो इथे. कागद सात-आठ वर्षे तयार होते. त्यांना न्यायालय नव्हते. ते जगाच्या कानी पडायला एका खुनाची गरज पडली. एखाद्या राज्याच्या छत्राखाली माणसे मारली गेली तर तक्रार कुठे करायची, या प्रश्नाला तेव्हा कायद्यात उत्तर नव्हते. १९२१ मध्ये बर्लिनला तलात पाशाला मारणारा आर्मेनियन तेह्लिरियानही असाच सुटला होता. या दोन्ही खटल्यांनी अस्वस्थ झालेल्या राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये ‘जेनोसाइड’ हा शब्द जगाला दिला.

पण सुटका म्हणजे सत्याचा निवाडा नव्हे. ज्यूंच्या लेखी श्वार्झबार्ड सूड घेणारा वीर ठरला, तर असंख्य युक्रेनियनांच्या लेखी राष्ट्रनेत्याचा खुनी. पेटल्युराची बाजू मांडायला खुद्द पेटल्युरा नव्हता. पिस्तुलाने ती शक्यताच संपवली होती. प्रोस्कुरिव्हच्या मृतांना न्यायालय हवे होते, त्यांच्या वाट्याला एक रस्ता आला.

३ मार्च १९३८ रोजी केपटाउनमध्ये श्वार्झबार्ड वारला. १९६७ मध्ये त्याच्या अस्थी इस्रायलमध्ये नेण्यात आल्या. राज्यसंस्था नाकारणाऱ्या कवीला शेवटी एका राज्यानेच आपला म्हटले. त्याच्या कविता मात्र फारसे कोणी वाचत नाही.