शेती कुठे थांबली? उपग्रहांच्या प्रतिमांतून पडीक जमिनीचा शोध

शेत विकले गेले तर दस्त नोंदवला जातो, बिनशेती झाले तर आदेश निघतो. कसणे थांबले तर मात्र कोणत्याही कार्यालयात कागद तयार होत नाही. मालकाचे नाव अभिलेखात तसेच राहते, बांध काही वर्षे टिकतात आणि जमीन हळूहळू झुडपांखाली जाते. देशात अशी जमीन किती आणि कुठे आहे, याचे उत्तर महसुली नोंदींपेक्षा उपग्रहांच्या प्रतिमांतून अधिक भरवशाने मिळेल, अशी अपेक्षा गेल्या दोन दशकांत बळावली आहे. ही अपेक्षा रास्त आहे. मात्र या पद्धतीच्या चुकांची किंमत अखेरीस जमीन कसणाऱ्याला किंवा तिच्यावर गुरे चारणाऱ्याला मोजावी लागते, म्हणून ती कशी चालते हे समजून घेणे आवश्यक ठरते.

पहिला प्रश्न व्याख्येचा आहे. मराठीत 'जमीन पड टाकणे' आणि 'जमीन पडीक पडणे' हे दोन वेगळे प्रयोग आहेत. पहिल्यात शेतकऱ्याचा हेतू असतो, दुसऱ्यात तो संपलेला असतो. सरकारी आकडेवारीही हा भेद पाळते. भूमी वापराच्या नऊवर्गीय वर्गीकरणात चालू वर्षी न पेरलेली जमीन 'चालू पड' मानली जाते. एक वर्षाहून अधिक, परंतु पाच वर्षांपर्यंत न पेरलेली जमीन 'इतर पड' या सदरात येते. त्याहून जास्त काळ न कसलेली जमीन 'लागवडयोग्य पडीक' ठरते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटनाही तात्पुरती पड जमीन मोजताना पाच वर्षांचीच मर्यादा धरते. म्हणजे हा सारा भेद काळाचा आहे. त्यामुळे एका दिवसाची प्रतिमा, ती कितीही सुस्पष्ट असली, तरी जमीन सोडून दिली आहे की विश्रांतीला ठेवली आहे हे सांगू शकत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या प्रतिमांची मालिका लागते.

हिरवेपणाचा आलेख

या मालिकेत वाचला जातो तो वनस्पतींचा हिरवेपणा. जिवंत पान लाल प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि अवरक्ताजवळचा प्रकाश परावर्तित करते. या दोन प्रकाशपट्ट्यांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की उणे एक ते अधिक एक यांमधला एक निर्देशांक मिळतो. त्यास 'एनडीव्हीआय' म्हणतात. उघड्या मातीत तो शून्याच्या थोडासा वर असतो, तर भरात आलेल्या पिकात बराच उंच जातो.

कसलेल्या शेताचा वर्षभराचा आलेख काढला तर त्याला ठराविक वळण दिसते. नांगरटीनंतर तो तळाला असतो, उगवणीनंतर झपाट्याने चढतो, पीक भरात असताना शिखर गाठतो आणि कापणी होताच एकदम कोसळतो. हे कोसळणे निर्णायक आहे, कारण ते माणसाच्या हाताने घडलेले असते. सोडून दिलेल्या शेतातही पावसाबरोबर गवत वाढते आणि आलेख चढतो. परंतु तो उतरतो तो सावकाश, गवत वाळेल तसा. काही वर्षांनी झुडपे रुजली की उन्हाळ्यातला तळही दरवर्षी थोडा थोडा वर सरकू लागतो. नांगरटीचा खड्डा नाहीसा झाला आणि उन्हाळी तळ वर येत राहिला, की तेथील शेती थांबली असा अंदाज बांधता येतो.

इतक्या लांब मालिकेसाठी मुख्य आधार अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा आहे. त्यातील पहिला १९७२ मध्ये सोडण्यात आला. १९८० च्या दशकापासून ३० मीटर विभेदनाच्या, म्हणजे जमिनीवरील ३० मीटर बाजूचा चौरस एका बिंदूत दाखवणाऱ्या, प्रतिमा उपलब्ध आहेत. २००८ मध्ये हा संपूर्ण संग्रह विनामूल्य खुला झाला आणि या क्षेत्रातील संशोधनाला खरी गती आली, कारण तोवर इतक्या वर्षांचा इतिहास विकत घेणे फारसे कुणाला परवडणारे नव्हते. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेने २०१५ पासून १० मीटर विभेदन दिले आणि दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच ठिकाणाची प्रतिमा देऊ लागले. भारताची स्वतःची परंपरा १९८८ च्या आयआरएस-१ए पासूनची आहे. रिसोर्ससॅट उपग्रहांवरील ५६ मीटर विभेदनाच्या 'एडब्ल्यूआयएफएस' संवेदकाच्या प्रतिमांवरून हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र २००४-०५ पासून देशाचे वार्षिक भूमी वापर नकाशे तयार करीत आले आहे. देशाचा कल पाहण्यास ते पुरेसे आहेत. एका गटातील परिस्थिती पाहण्यास नाहीत.

खरिपाची अडचण वेगळीच आहे. ज्या जुलै-ऑगस्टमध्ये शेत पेरले की नाही हे पाहायचे, त्याच काळात आकाश ढगांनी झाकलेले असते. रडार लहरी ढगांतून आरपार जातात, म्हणून सेंटिनेल-१ आणि भारताचा ईओएस-०४ यांसारख्या उपग्रहांचा उपयोग वाढला आहे. चिखलणी करून पाणी साठवलेले भातखाचर रडारला काळे दिसते आणि रोपे वाढतील तसे उजळत जाते. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आलेला इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह निसार बारा दिवसांच्या फेरीने अशीच नोंद घेतो.

उत्तराखंड : जेथे गावच उठले

भारतात या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण उत्तराखंडच्या डोंगराळ जिल्ह्यांत सापडते. राज्याच्या ग्रामविकास व स्थलांतर आयोगाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०११ च्या जनगणनेनंतर ७३४ गावे निर्मनुष्य झाली. दहा वर्षांत १ लाख १८ हजारांहून अधिक लोकांनी कायमचे स्थलांतर केले. पौडी गढवाल आणि अल्मोडा या जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली.

माणसे गेली की पायऱ्यापायऱ्यांची शेती एका क्रमाने बदलते. घरापासून दूरचे, पावसावरचे उंच तुकडे आधी सुटतात. रानडुकरे आणि माकडे उरलेल्या पिकाची नासाडी करू लागली की जवळचे तुकडेही सुटतात. मग घाणेरी आणि तत्सम झुडपे शिरतात, काही ठिकाणी शेजारच्या चीड वनातून रोपे उतरतात. दगडी कठड्यांची डागडुजी थांबल्याने ते ढासळतात आणि पावसाबरोबर माती वाहू लागते.

नेमक्या याच भूभागात उपग्रहाची परीक्षा कठीण होते. सोपानशेतीची एक पायरी अनेकदा काही मीटरच रुंद असते. लँडसॅटच्या एका बिंदूत अशा पाच-सहा पायऱ्या, मधले गवत आणि एखादे झाडही येते. उत्तरेकडील उतारांवर हिवाळ्यात लांब सावल्या पडतात. एका पायरीवर मंडुवा, म्हणजे नाचणी, आणि शेजारच्या पायरीवर झुडपे अशी स्थिती असेल तर त्या बिंदूचा आलेख दोहोंची सरासरी दाखवतो आणि वाचणाऱ्याला फसवतो. म्हणून या भागात उच्च विभेदनाच्या प्रतिमा आणि प्रत्यक्ष पाहणी यांची जोड अटळ असते.

प्रतिमेला दिसत नाही असा भाग आणखी मोठा आहे. जमीन अनेक पिढ्यांच्या सामाईक खात्यात असते. वारस डेहराडून, दिल्ली, मुंबईत विखुरलेले असतात. उपग्रह तुकडा दाखवतो, तो कसण्याची परवानगी कुणाकडे मागायची हे दाखवत नाही. पडीक जमीन गावातल्या उरलेल्या शेतकऱ्याला खंडाने देण्याच्या योजना बहुधा येथेच अडखळतात.

केरळ : प्रतिमा पुरावा होते तेव्हा

केरळमध्ये प्रश्न स्थलांतराइतकाच जमिनीच्या किमतीचा आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास सुमारे ८.८ लाख हेक्टर असलेले तेथील भातक्षेत्र आता दोन लाख हेक्टरच्या आसपास उरले आहे. भातशेत आधी पडीक ठेवायचे, मग भराव टाकायचा, मग घर बांधायचे, ही वाट रोखण्यासाठी राज्याने २००८ मध्ये भातजमीन व पाणथळ संवर्धन कायदा केला. त्याच्या व्याख्येत भात पिकवणारी जमीनच नव्हे, तर भाताला योग्य असूनही न कसता पडून असलेली जमीनही येते. म्हणजे पेरणी थांबवून कायद्याबाहेर पडता येत नाही.

परंतु २००८ मध्ये एखादा तुकडा काय होता, हे आज कसे ठरवायचे? कायद्यान्वये तयार केलेल्या माहितीसंचात आपली जमीन चुकून गेली असे मालकाचे म्हणणे असेल, तर तो ती वगळण्यासाठी महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि अशा प्रकरणांत राज्याच्या सुदूर संवेदन व पर्यावरण केंद्राचा जुन्या प्रतिमांवर आधारलेला अहवाल महत्त्वाचा ठरतो. उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या कित्येक वादांत या अहवालांची चर्चा झाली आहे. एका कुटुंबाला घर बांधता येईल की नाही, हे पंधरा-सतरा वर्षांपूर्वी अवकाशातून टिपलेल्या काही बिंदूंवर अवलंबून राहते.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर याचे वेगळे रूप दिसते. खाडीलगतच्या खार जमिनी आणि गोव्यातील खाजन शेते बांधांच्या आधाराने टिकून असतात. बांध फुटला आणि दुरुस्त झाला नाही, की भरतीचे पाणी आत येते आणि काही वर्षांत खारफुटी वाढते. उपग्रहाच्या नोंदीत ती खारफुटी म्हणूनच उमटते आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असते. आजोबांनी भात पिकवलेल्या जमिनीवर नातवाला पुन्हा भात लावणे मग दुरापास्त होते. दोन्ही नोंदी आपापल्या वर्षी खऱ्याच असतात.

'पडीक' ठरवण्याची जोखीम

सर्वांत गंभीर चूक होते ती न सोडलेली जमीन सोडलेली मानण्यात. ईशान्येतील झूम शेतीत एक तुकडा काही वर्षे मोकळा ठेवून पुन्हा कसला जातो. ती विश्रांती शेतीचाच भाग आहे. पूर्व भारतात भात कापल्यावर रब्बीत मोकळ्या राहणाऱ्या जमिनी इक्रिसॅटने उपग्रह प्रतिमांच्या साह्याने मोजल्या, तेव्हा देशात असे क्षेत्र १.१ कोटी हेक्टरहून अधिक आढळले. ते हंगामी रिकामेपण आहे, त्याग नव्हे. केवळ हिवाळ्याच्या प्रतिमा पाहणारा मात्र गल्लत करू शकतो.

दख्खनच्या गवताळ माळांचे उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचे आहे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील माळरान वर्षातील सात-आठ महिने तपकिरी दिसते. देशाच्या पडजमीन नकाशासंग्रहानुसार २०१५-१६ मध्ये पडजमिनीचे क्षेत्र सुमारे ५.५८ कोटी हेक्टर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या जवळपास १७ टक्के होते. त्यात झुडपी आणि चराऊ जमिनींचा वाटा मोठा आहे. धनगरांचे कळप, लांडगे आणि माळढोक यांचा हाच अधिवास. वृक्षलागवड किंवा सौर प्रकल्पासाठी 'मोकळी' जागा शोधणाऱ्याला नकाशावर तीच आधी सापडते.

जगात अन्यत्रही या तंत्राने मोठे बदल टिपले आहेत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाल्यानंतर रशिया आणि कझाकस्तानात सामूहिक शेते बंद पडून कोट्यवधी हेक्टर जमीन ओस पडली. युक्रेनमध्ये २०२२ नंतर युद्धरेषेच्या दोन्ही बाजूंची न पेरलेली शेते नासाच्या 'हार्वेस्ट' कार्यक्रमाने प्रतिमांवरून शोधली. तेथे भूसुरुंगांमुळे प्रत्यक्ष पाहणी शक्यच नव्हती. अशा जमिनींवर वन वाढून कार्बन शोषला जाईल, या आशेला मात्र २०२२ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' नियतकालिकातील एका अभ्यासाने आवर घातला. अकरा ठिकाणांच्या तीन दशकांच्या नोंदींत जमीन सरासरी १४ वर्षांच्या आसपासच पडीक राहते आणि पुष्कळदा पुन्हा नांगराखाली जाते, असे त्यात आढळले.

भारतात या नोंदींना जमिनीवरचा जोड देण्याचे प्रयत्न सुरू आहेत. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतातील पिकाचे छायाचित्र नोंदवतो, आणि केंद्राच्या डिजिटल कृषी मोहिमेतही पिकांच्या अंकीय सर्वेक्षणाचा समावेश आहे. गटनिहाय नोंद आणि उपग्रहाचा आलेख यांत विसंगती दिसली, तर त्या ठिकाणी माणूस पाठवून खातरजमा करता येते. सातबाऱ्यावरील पोटखराबा वर्षानुवर्षे तसाच उतरवला गेला आहे का, हेही त्यातून कळू शकते.

आपल्या जमिनीविषयीचा निष्कर्ष तपासू इच्छिणाऱ्यालाही आता काही साधने खुली आहेत. भारतीय अवकाश धोरण २०२३ नुसार पाच मीटर वा त्याहून स्थूल विभेदनाची शासकीय उपग्रह माहिती विनामूल्य उपलब्ध करण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या 'भूनिधी' संकेतस्थळावर नोंदणी करून रिसोर्ससॅटच्या जुन्या प्रतिमा उतरवून घेता येतात.