कणगी कुठे ठेवायची?

मोठ्या घरातून लहान घरात जाताना काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हा प्रश्न शहरात कपाट, सोफा, जुनी भांडी यांच्यापुरता असतो. आमच्या शहापूर-मुरबाडकडे मात्र तो शंभर वर्षांपेक्षा जुना आहे, आणि त्याची सुरुवात पाण्यापासून होते.

१८९२ साली शहापूर तालुक्यातलं तानसा धरण पूर्ण झालं ते मुंबईच्या तहानेसाठी. पुढे भातसा झालं. आज मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं. इकडे १९७२ ला एमआयडीसीचं बारवी धरण आलं. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि २०१९ च्या पावसात वाढीव उंचीपर्यंत पाणी भरलं. मुरबाडमधल्या तोंडली, काचकोलीसारख्या गावांना घरं सोडावी लागली.

धरणग्रस्त म्हटलं की आपण विचारतो, जमीन किती गेली? घरातल्या सामानाचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

आता भातशेतकऱ्याचं घर डोळ्यासमोर आणा. पडवीत नांगर, कोपऱ्यात शेणाने सारवलेली बांबूची कणगी, जातं, उखळ, माळ्यावर इरली आणि टोपल्या. बाजूला गोठा, मागे परस, पुढे खळं. हे घर नुसतं राहण्याचं नाही. ते गोदाम आहे आणि कारखानाही आहे.

आता हे सगळं एका प्लॉटवरच्या दोन खोल्यांत बसवा. कणगी दारातून आत जात नाही, मग ती मोडायची. गोठ्याला जागा नाही, मग बैल विकायचे. बैल गेले की शेण गेलं. शेण आणि पालापाचोळा नसेल तर पावसाआधी राब कशाचा भाजणार? म्हणजे एखाद्याची थोडी जमीन वाचलीच, तरी ती कसायचं साधन घर बदलतानाच हातातून जातं. शहरात याला पसारा कमी करणं म्हणतात. इथे धंदा मोडतो.

कायदा काय म्हणतो बघा. बारवी झालं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो १९७६ ला आला. आज २०१३ चा केंद्राचा भूसंपादन कायदा आहे. त्यात सामान आणि गुरं हलवायला कुटुंबाला ५०,००० रुपये आहेत, गोठ्यासाठी किमान २५,००० आहेत. चांगलं आहे. पण घराचं काय? शहरात घर गेलं तर किमान ५० चौरस मीटर जोत्याचं घर द्यायचं. खेड्यात गेलं तर इंदिरा आवास योजनेच्या नमुन्याचं. त्या योजनेत जोत्याचं किमान क्षेत्र होतं २० चौरस मीटर, म्हणजे साधारण २१५ चौरस फूट! पुढे प्रधानमंत्री आवास योजनेत ते २५ झालं.

ज्याच्या घरात कणगी, नांगर, गुरं, बियाणं सगळं मावायला हवं, त्याला निम्मं घर. आणि जो कामाला ऑफिसात जातो, त्याला दुप्पट. हा हिशेब कुणी केला असेल, त्याने भाताचं खळं पाहिलेलं नसावं.

हे आज का लिहितोय? कारण मुरबाडमधल्या काळू धरणाचा विषय संपलेला नाही. वनखात्याची परवानगी नसताना काम सुरू झालं म्हणून २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. पण महानगराची तहान वाढतेच आहे, उद्या पुन्हा मोजणीवाले येतील.

तेव्हा मागणी साधी ठेवू. पंचनाम्यात भिंती आणि कौलं मोजता तशी कणगी, गोठा, खळं, परसही मोजा. जेवढं मोजलं तेवढं मावेल अशी जागा द्या, आणि तीही पाणी चढण्याआधी.

मुंबई, ठाणे, कल्याणमधल्या मित्रांनो, नळ सोडाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या: या पाण्यासाठी कुणीतरी आपलं घर लहान करून घेतलंय.