घोड्याचा दाणा आणि इतिहासाचे वाचन

मराठ्यांच्या इतिहासात घोडा आपल्याला भेटतो तो बहुधा स्वाराच्या निमित्ताने. स्वाराचे शौर्य, दौडीचा वेग, लढाईचा निकाल यांची चर्चा होते; घोडा काय खात होता, हा प्रश्न मात्र गौण मानला जातो. आमच्या मते तो गौण नाही.

प्रथम एक साधी वस्तुस्थिती लक्षात घेतली पाहिजे. बैलाप्रमाणे घोडा रवंथ करीत नाही. शरीराच्या मानाने त्याचे जठर लहान असल्याने मोकळ्या रानात तो दिवसाचा बराचसा काळ चरतच असतो. त्याला ओकताही येत नाही. म्हणून बुरसटलेला चारा त्याच्या जिवावर बेतू शकतो. साहजिकच घोडदळ उभारणे म्हणजे गवत, दाणा व पाणी यांची अखंड तजवीज करणे होय.

शिवकालीन संज्ञांत ही तजवीज स्पष्ट दिसते. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीनुसार २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि २५ घोड्यांमागे एक नालबंद व एक पखालजी. शिलेदारही पागेच्या हुकमतीखाली ठेवलेले होते. घोडा कोणाचा, हा प्रश्न अखेर सत्ता कोणाची, या प्रश्नाशी निगडित होता.

या दृष्टीने शिवाजी महाराजांचे १६७४ च्या मे महिन्यातील, चिपळूण भागातील लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना लिहिलेले पत्र पुन्हा वाचावे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत आताच उधळले, तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग लोक रयतेच्या घरात शिरतील आणि रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेली तर गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाव्यापर्यंत हे पत्र जाते. घोड्याची वैरण आणि रयतेचा विश्वास यांतील कार्यकारणभाव इतक्या रोखठोकपणे सांगणारे दुसरे मराठी गद्य आमच्या पाहण्यात नाही.

ही साखळी तुटली की काय होते, हे पानिपताने दाखविले. १७६० च्या नोव्हेंबरपासून छावणी कोंडली गेली, रसद तुटली, जनावरे उपासमारीने मरू लागली. १४ जानेवारी १७६१ रोजी रणात उतरलेल्या सैन्याची घोडी आधीच खंगलेली होती. त्याच्या दोन दशके आधी, १७४१ नंतर, नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगाल होरपळला होता. तेथे ‘बारगीर’चे ‘बर्गी’ झाले आणि मुलांना निजविताना म्हणावयाच्या गाण्यात हा शब्द भयाचा म्हणून रुजला. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ साहित्याच्या अभ्यासकाने एकत्र वाचले पाहिजेत. त्यांपैकी केवळ आपल्या सोयीचा निवडणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

अडचणीचे मूळ शोधताना ‘घोडे कुठे पेंड खाते’ असे आपण आजही म्हणतो. बखरी व पत्रे वाचतानाही हाच प्रश्न शब्दशः विचारून पाहावा. स्वारांच्या नावांइतकेच नालबंद, पखालजी आणि वैरण पुरविणारा कुणबी हेही मग वाचनाच्या कक्षेत येतील.